पेटंटवर बाबांचं नाव, मग पैसे कंपनीला का?

निरोप समारंभ आटोपतो. शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, आणि काचेच्या चौकटीत बसवलेलं एका पेटंट अर्जाचं पहिलं पान. विक्रोळीत किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखाद्या कंपनीच्या संशोधन केंद्रात तीस वर्षं काढलेले बाबा ती चौकट घरी आणतात, ती टीव्हीच्या वर लागते. मग एखाद्या रविवारी जेवताना जावई विचारतो, "बाबा, नऊ पेटंटं आहेत ना तुमच्या नावावर? रॉयल्टी किती येते?"

येत नाही. एक रुपयाही नाही. बाबांना त्यात काही वावगं वाटत नाही, पण घरातल्या बाकी सगळ्यांना वाटतं की कुठेतरी फसवणूक झाली आहे. तशी ती झालेली नसते. पण का नसते, आणि निवृत्त संशोधकाचं स्वतःचं म्हणावं असं नेमकं काय उरतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

कोनशिला वेगळी, प्रॉपर्टी कार्ड वेगळं

त्या चौकटीतलं पान नीट बघा. एका ओळीच्या आधी कंसात ७१ हा आकडा असतो, पुढे कंपनीचं नाव. दुसऱ्या ओळीला ७२, पुढे बाबांचं आणि त्यांच्या दोन-तीन सहकाऱ्यांचं. हे आकडे जगभरच्या पेटंट कार्यालयांनी ठरवून घेतलेले आहेत. ७१ म्हणजे अर्जदार, ७२ म्हणजे शोधकर्ता. सगळा घोळ या दोन ओळी एकच समजल्यामुळे होतो.

इमारतीच्या कोनशिलेवर आर्किटेक्टचं नाव कोरलेलं असतं. ती इमारत त्याने उभी केली, हे कुणी नाकारत नाही. पण प्रॉपर्टी कार्डावर नाव मालकाचं. गावाकडे सातबारा म्हणा. पेटंटचंही तसंच आहे. १९७०च्या पेटंट कायद्याचं कलम २८ शोधकर्त्याला नाव लावून घेण्याचा हक्क देतं, आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की या नावामुळे पेटंटवरचा कुठलाही हक्क मिळतही नाही आणि जातही नाही.

नाव कुणाचं लागतं, हेही एकदा सांगायला हवं. ज्याने मूळ कल्पनेत भर घातली त्याचं. सांगितलेल्या कृतीप्रमाणे शंभर प्रयोग करणारा तंत्रज्ञ कितीही राबला असला तरी शोधकर्ता ठरत नाही. विभागप्रमुखही निव्वळ खुर्चीमुळे ठरत नाही. प्रत्यक्षात खुर्चीवरून नावं लागतात, हे प्रयोगशाळेत काम केलेला कुणीही सांगेल. पण चुकीचं नाव घालणं पुढे पेटंटला वादात ओढू शकतं, त्यामुळे सावध कंपन्या आता याबाबतीत जरा कडक झाल्या आहेत.

"पण डोकं तर त्यांचं होतं ना!"

होतं. आणि ते डोकं कंपनीने दरमहा पगार देऊन याच कामासाठी ठेवलेलं होतं. नेमणूकपत्रासोबत सही केलेल्या कागदांमध्ये एक कलम हमखास असतं: नोकरीच्या काळात, नोकरीच्या कामातून जे शोध लागतील त्यांचे हक्क कंपनीकडे जातील. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या आनंदात, ते कुणी वाचत नाही. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधासाठी स्वतंत्र तरतूदच नाही. त्यामुळे करार म्हणेल तेच खरं.

"प्रयोग घरी केला असेल तर?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर इंग्लंडातल्या एका खटल्यात सापडतं. इयन शँक्स हे युनिलिव्हरच्या ब्रिटनमधल्या संशोधन केंद्रात होते. रक्तातली साखर वगैरे मोजायला उपयोगी पडणाऱ्या एका उपकरणाचा पहिला नमुना त्यांनी १९८२ साली स्वतःच्या घरी बनवला. मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, प्लॅस्टिकची फिल्म आणि कागदांना लावायचे चाप एवढंच सामान. तरीही मालकी कंपनीचीच, कारण काम त्यांच्या नोकरीच्या कक्षेतलं होतं. जागा कुठली, याला महत्त्व नाही.

मात्र ब्रिटनच्या कायद्यात एक सोय आहे: शोधापासून कंपनीला असामान्य फायदा झाला तर नोकरदाराला त्यातला रास्त वाटा मागता येतो. शँक्स यांनी २००६ साली दावा लावला, आणि २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २० लाख पौंड दिले. तेरा वर्षं लागली. जपानमध्ये निळ्या एलईडीवाले शुजी नाकामुरा यांना कंपनीने पेटंटपोटी २०,००० येन दिले होते. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितले आणि पुढच्या वर्षी ८४.३ कोटी येनांवर तडजोड झाली. जर्मनीत तर १९५७पासून यासाठी वेगळा कायदाच आहे.

भारतात यांपैकी काही नाही. कंपनीचं अंतर्गत धोरण असेल तर अर्ज भरताना काही हजार, पेटंट मिळाल्यावर आणखी काही हजार असं बक्षीस मिळतं, तेही पगाराच्या स्लिपमध्ये, कर कापून. माझ्या मते आपल्याकडे किमान ब्रिटनइतकी तरी तरतूद हवी. पण ती नाही, आणि तीस वर्षांपूर्वी केलेल्या सहीवर आज भांडून हाती काही लागत नाही.

पेटंट म्हणजे पैसे छापायचं यंत्र नव्हे

दुसरा गैरसमज असा की पेटंट मिळालं की कंपनीच्या तिजोरीत पैसा येऊ लागतो. पेटंटचा हक्क एवढाच: दुसऱ्याला अडवण्याचा. ते कुंपण आहे, पीक नव्हे. आत काही उगवलंच नाही तरी कुंपणाची देखभाल मात्र चालू ठेवावी लागते.

ही देखभाल म्हणजे नूतनीकरण शुल्क. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी पैसे भरायचे. मोठ्या कंपनीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरसाल ४,००० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी १२,०००, अकराव्या ते पंधराव्यासाठी २४,००० आणि शेवटच्या पाच वर्षांसाठी ४०,०००. बेरीज केली तर एका पेटंटमागे ३ लाख ८४ हजार, तेही फक्त भारतापुरते. असे शंभर पेटंट असलेली कंपनी दरवर्षी यादी घेऊन बसते आणि ज्यांचा उपयोग दिसत नाही त्यांचे पैसे भरणं बंद करते.

निवृत्त माणसाच्या कामाची गोष्ट इथे आहे. शुल्क थांबलं की पेटंट बाद होतं. कंपनीला ते १८ महिन्यांच्या आत अर्ज करून जिवंत करता येतं. ती मुदतही उलटली की त्या पेटंटमधला शोध कुणीही वापरावा, बाबांनीसुद्धा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची शोधयंत्रणा आहे. ती फुकट आहे. तिथे शोधकर्त्याचं नाव टाकून आपले अर्ज काढायचे आणि प्रत्येकाची सद्यस्थिती बघायची. एक अडचण हमखास येते: कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव पूर्ण, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. एकच माणूस चार नावांनी सापडतो, म्हणून चारही प्रकार टाकून बघावे लागतात.

बाद झालेलं पेटंट वापरण्याआधी मात्र एक पाहायचं. त्याच वस्तूच्या एखाद्या सुधारणेवर कंपनीचं दुसरं, अजून जिवंत पेटंट असू शकतं. जुनी कृती मोकळी झाली म्हणून नवी कृतीही मोकळी होत नाही.

वह्या घरी का आणता येत नाहीत

जुन्या संशोधकांचा जीव प्रयोगवहीत असतो. शिवलेली वही, छापील पृष्ठक्रमांक, शाईने लिहायचं, खोडायचं तर एकच रेघ, उरलेल्या जागेवर तिरपी काट, खाली आपली सही आणि शेजारी काम समजणाऱ्या पण त्यात नसलेल्या साक्षीदाराची. हा सोवळेपणा मुख्यतः अमेरिकेमुळे आला. तिथे १६ मार्च २०१३च्या आधीच्या अर्जांसाठी 'आधी अर्ज कुणी केला' यापेक्षा 'आधी शोध कुणी लावला' याला वजन होतं, आणि तारीख सिद्ध करायला वहीसारखा पुरावा नव्हता.

नियम बदलला, सवय राहिली, आणि वही कंपनीचीच राहिली. कागद कंपनीचा म्हणून नव्हे, तर नोकरीत केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ हेच सांगतं. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही तेच लागू. फोनवर काढलेला वहीच्या पानाचा फोटो यातून सुटत नाही. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते शेवटच्या आठवड्यात: "आठवण म्हणून" जुन्या मेल, सादरीकरणं आणि तक्ते स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवले जातात. हेतू निर्मळ असतो, पण कंपनीच्या सर्व्हरवर त्याची तारीख-वेळेसकट नोंद राहते आणि पुढे कधी वाद झाला तर पहिला कागद तोच निघतो.

काय न्यावं? छापून आलेले शोधनिबंध, प्रसिद्ध झालेली पेटंटं, स्वतःच्या पैशाने घेतलेली पुस्तकं, नेमणूकपत्र, प्रत्येक बढतीचं पत्र, सगळ्या करारांच्या प्रती. गंमत म्हणजे लोक नेमकं उलट करतात. वही घरी आणतात आणि नेमणूकपत्र रद्दीत घालतात.

सल्लागार म्हणून दुसरीकडे गेलं तर?

करारात पुष्कळदा लिहिलेलं असतं की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही. ते वाचून माणूस घाबरतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की कुणाला त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी भारतीय न्यायालयं सहसा उचलून धरत नाहीत.

नोकरी चालू असतानाची बंदी मात्र टिकते. यावरचा गाजलेला निकाल आपल्या कल्याणचाच आहे. तिथल्या सेंच्युरी कंपनीच्या टायर-कॉर्डच्या (टायरला बळकटी देणाऱ्या धाग्याच्या) कारखान्यात गोलिकरी नावाच्या पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. तंत्रज्ञान परदेशी भागीदारांकडून गुप्ततेच्या अटीवर आलेलं. मुदत संपायच्या आत ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने करारातल्या उरलेल्या काळापुरती मनाई कायम ठेवली.

नियत वयाला निवृत्त झालेल्या माणसाचा करार पूर्ण झालेला असतो, म्हणजे काम करायला आडकाठी नाही. आडकाठी आहे ती गुपितं नेण्याला, आणि तिला दोन वर्षांची मुदत नाही. यासाठी भारतात अजून वेगळा कायदा नाही. तो करावा अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४मधल्या २८९व्या अहवालात केली आहे. तोवर करार आणि न्यायालयांनी घालून दिलेली तत्त्वं यांवरच चालतं.

मग गुपित कुठलं आणि अनुभव कुठला? एखाद्या हॉटेलातला आचारी दुसरीकडे गेला, तर कांदा कसा परतायचा, तेल कधी सुटतं, ही त्याची विद्या त्याच्या हातात आहे. ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्या हॉटेलच्या मसाल्याचं वजनी प्रमाण, तो कुठल्या व्यापाऱ्याकडून कोणत्या भावाने येतो, हे हॉटेलचं. रंगाच्या प्रयोगशाळेत असं म्हणता येईल: "पाण्यातल्या रंगात फेस का होतो आणि तो कसा शोधायचा" ही विद्या, तर "अमुक रंगात फेस मारायला तमुक द्रव्य ०.३ टक्के" हे गुपित. सल्ला देताना मनात एक चाळणी ठेवायची: हे मी एखाद्या पाठ्यपुस्तकातून किंवा प्रसिद्ध पेटंटमधून दाखवू शकतो का? दाखवता आलं तर बोला.

भाषणांनाही हेच लागू. पेटंट अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर तो गुप्त असतो. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत व्याख्यान द्यायचं असेल, तर प्रसिद्ध झालेल्या कामावर खुशाल बोलावं. शेवटच्या वर्षातल्या कामाला हात लावू नये. ज्यावर अर्जच झालेला नाही असं काही चारचौघांत बोललं गेलं, तर त्याचं नावीन्य संपतं आणि पेटंट कुणालाच मिळत नाही, कंपनीलाही नाही.

कंपनीला जे कधी मिळतच नाही

आता बाजू उलटवून बघू. एवढे कायदे आणि करार करूनही कंपनीच्या हातून एक गोष्ट निसटतेच.

वहीत लिहिलेलं असतं: "चिकटपणा ४२०० सीपी, ठीक." (सीपी म्हणजे सेंटिपॉइज, चिकटपणाचं एकक.) चिकटपणा मोजायचं नेहमीचं यंत्र म्हणजे ब्रुकफील्ड. मोटरला लावलेली चकती द्रवात फिरवायची आणि तिला किती विरोध होतो ते वाचायचं. पण रंग, लोशन, डिंक यांचा चिकटपणा ढवळण्याच्या वेगाप्रमाणे बदलतो. केचपची बाटली हलवली की तो कसा पातळ होतो, तसं. म्हणून चकतीचा क्रमांक, मिनिटाला किती फेरे, तापमान आणि किती वेळाने आकडा वाचला हे सांगितल्याशिवाय ४२०० या आकड्याला काही अर्थ नाही. बाबांच्या चमूत सगळ्यांनाच ठाऊक होतं की आपण ४ नंबरची चकती, २० फेरे, २५ अंश, ६०० मिलिचा बीकर असंच मोजतो. सगळ्यांना ठाऊक म्हणून कुणी लिहिलं नाही. बाबा निवृत्त झाले, त्यांच्यानंतर दोघे गेले, आणि मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून (आता तिला आयसीटी म्हणतात) आलेली नवी मुलगी ५० फेऱ्यांवर मोजते. आकडा घसरतो, चांगला माल नापास होतो, ती त्यात आणखी घट्टक (रंग दाट करणारी भुकटी) घालते, आणि तो रंग ब्रशने नीट ओढला जात नाही.

तीच गत "घट्टक हळूहळू घालावे" या वाक्याची. हळूहळू म्हणजे किती? पिठल्यात बेसन एकदम पडलं की वरचा थर भिजून फुगतो आणि आत कोरडं पीठ कोंडतं. घट्टकाच्या भुकटीचंही हेच होतं, फक्त ती गुठळी मग तासभर घोटूनही फुटत नाही. सराईत माणूस भोवऱ्याच्या उतारावर भुकटी भुरभुरवतो. भोवरा इतका खोल हवा की भुकटी आत ओढली जाईल, पण इतका नको की हवाही ओढली जाईल. जुलैत पोतं उघडं राहिलं असेल तर तो आधी चाळून घेतो. यातलं काहीही पेटंटमध्ये नसतं, अहवालात नसतं.

हे काढून घ्यायचं तर शेवटच्या सहा महिन्यांत मुलाखती घेऊन जमत नाही, कारण ज्याच्या हातात आहे त्याला ते आपल्याला येतं हेच माहीत नसतं. प्रयोग करावा लागतो. आधी जुन्याने करायचा आणि नव्याने लिहून घ्यायचा. मग नव्याने करायचा आणि जुन्याने हात मागे बांधून उभं राहायचं. त्याचा हात जिथे न राहवून पुढे येतो, ती जागा वहीत नव्हती. शेवटी जुन्याने शेजारच्या खोलीत बसायचं. आणि फसलेल्या प्रयोगांची यादी वेगळी मागायची, कारण अहवालात फक्त जमलेले असतात.

"काका, एक सही लागते"

निवृत्तीनंतर वर्षभराने असा फोन येतो. यात काळंबेरं काही नाही. तुम्ही असतानाच्या कामावर कंपनी अर्ज करते आहे, आणि अर्ज करण्याचा हक्क आपल्याकडे कसा आला याचा पुरावा तिला पेटंट कार्यालयाला द्यावा लागतो. अमेरिकेत अर्ज असेल तर शोधकर्त्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं. "नोकरीनंतरही सहकार्य करीन" असं बहुतेक करारांत असतंच.

सही करावी, पण वाचून. तो शोध खरंच तुमचा आहे ना, नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे ना, सहशोधकांत कुणी गळलं किंवा घुसलं नाही ना, हे बघायचं. प्रत मागून घ्यायची. नाव चुकून वगळलं गेलं असेल तर नमुना ८ भरून ते लावून मागता येतं. शिवाय २०२४च्या नियमदुरुस्तीपासून, पेटंट चालू असेल तर, शोधकर्त्याला नमुना ८-अ भरून स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. टीव्हीवरच्या चौकटीत घालायला ते अधिक योग्य.

आणि पेन्शन?

थोडक्यात: निराशाजनक. खासगी कंपनीतल्या बहुतेकांची पेन्शन म्हणजे १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. मेख पहिल्या शब्दात आहे. खरा पगार दोन लाख असला तरी सप्टेंबर २०१४पासूनच्या सेवेसाठी १५,००० आणि त्याआधीच्या सेवेसाठी ६,५०० हीच कमाल धरली जाते. १९९६ साली लागून तीस वर्षांनी ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या संशोधकाला, वीस वर्षांवरच्या सेवेची दोन वर्षांची बक्षिसी धरूनही, महिना पाच हजारांच्या आतच मिळतात. ज्यांनी वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला आणि तो मंजूर झाला त्यांचं गणित वेगळं. ग्रॅच्युइटीने जरा बरं वाटतं: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. दीड लाख मूळ पगार आणि तीस वर्षांना हे जवळपास २६ लाख होतात, पण कायद्याने सक्ती २० लाखांपर्यंतच. वरचे द्यायचे की नाही, ही कंपनीची मर्जी.

नवा शोध स्वतःच्या नावावर

निवृत्तीनंतर घरी, स्वतःच्या खर्चाने, नव्या विषयात काही सुचलं तर ते पूर्णपणे तुमचं. फक्त जुन्या करारात "नोकरी सोडल्यानंतर सहा महिने किंवा वर्षभरात लागलेला शोध कंपनीचा" असं शेपूट आहे का ते बघा. असेल तर तारखा जपा.

परदेशी कंपनीला सल्ला देणाऱ्यांनी कलम ३९ विसरू नये. भारतात राहणाऱ्या माणसाने आपल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करायचा नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर नमुना २५ भरून लेखी परवानगी घ्यायची. परदेशी वकील हे सांगत नाहीत, त्यांच्या देशात हा नियम असेलच असं नाही. आणि चूक निघाली तर भारतातलं पेटंट रद्द होऊ शकतं.

खर्च मात्र वाटतो तितका नाही. मोठ्या कंपनीला अर्जाचे ८,००० रुपये पडतात, व्यक्तीला १,६००. त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात, वरच्यांना जादा पैसे. दावे म्हणजे कुंपण नेमकं कुठून कुठवर हे सांगणारी वाक्यं, आणि तेवढ्यांसाठी पेटंट एजंटाला पैसे मोजावेत. बाकीचं वर्णन संशोधकाला लिहिता येतं. तपासणीची मागणी वेगळी, तिचे ४,०००. अर्ज घरी बसून ऑनलाइन भरला तर १,६००, आणि अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात स्वतः कागद घेऊन गेलात तर १,७५०.